कुलपातला सिलिंडर

बाहेरच्या खोलीत उंदीर मेला आहे, असं सासऱ्यांनी सकाळी जाहीर केलं आणि तो शोधायचं काम सुनेकडे आलं.

"नाक आहे ना तुला? घे जरा श्वास," ते दारातून म्हणाले. "कसला कुजका वास सुटलाय. या घरात झाडू फिरतो की नुसता मिरवतो?"

सुनेने श्वास घेतला. वास होता खरा, नासलेल्या कांद्यासारखा. तिने खाट ओढली, ट्रंक सरकवली, कोपऱ्यातली पोती एकेक करून अंगणात नेऊन झटकली. लेंड्या मिळाल्या, एका पोत्याला कुरतडलेलं भोक मिळालं, उंदीर काही मिळाला नाही. आता राहिलं होतं फक्त कपाट.

"तेवढं उघडून द्या, मामंजी. आत बघते."

"कपाटाला हात लावायचा नाही."

"अहो पण वास तिकडूनच येतोय."

"ते बंद आहे. बंद कपाटात उंदीर शिरेल कसा? किल्ली मागायला आला होता का माझ्याकडे?" आणि स्वतःच्या विनोदावर ते पोटभर हसले.

हे कपाट म्हणजे त्या घराची शोभा होती. सुनेचा नवरा सुतार. शेजारच्या गावातल्या एका मोठ्या घराच्या दारांतून उरलेलं सागवान त्याने आणलं आणि बापाच्या सांगण्यावरून हे कपाट केलं. खाली सिलिंडर, वर दोन शेगड्यांचा गॅस, त्याच्यावर पुन्हा झाकण. समोर दोन दारं, मागे हवेसाठी जाळी, पितळी कडी आणि कडीला कुलूप. पॉलिश असं की समोर उभं राहून भांग पाडावा. स्वतःच्या बायकोला त्याने आजवर पाटसुद्धा करून दिला नव्हता. ती चुलीपुढे विटेवर बसे.

कुलपाची किल्ली सासऱ्यांच्या कमरेला दोरीने बांधलेली असे. नोकरीभर ते धान्याच्या गोदामावर रखवालदार होते. आतलं एक पोतं त्यांचं नव्हतं, पण किल्ली त्यांची होती, आणि तेवढ्यावर त्यांनी मोठ्या मोठ्या माणसांना दाराबाहेर ताटकळत ठेवलं होतं. निवृत्त होताना किल्ल्या परत केल्या आणि माणूस निम्मा झाला. मग त्यांनी साखरेच्या डब्याला कुलूप घातलं, पण त्यात काही मजा येईना. पुढे घरात गॅस आला आणि त्यांच्या म्हातारपणाला अर्थ आला. गावात त्यांना कुलूपदादा म्हणत. त्यांना वाटे, हा मान आहे.

गॅस आला त्या दिवशी तो बसवणाऱ्या माणसाने पेटवून दाखवला आणि त्यावर एक चहा झाला. पुढे शहरातला डॉक्टर एकदा वाट चुकून घरी आला, तेव्हा दुसरा. डॉक्टर गेल्यावर सासऱ्यांनी शेगडीचं बटण बंद केलं, दारं लावली, कुलूप घातलं आणि ओढून बघितलं. त्यानंतर ते कुलूप निघालं नव्हतं.

सुनेने आठवडाभर ती खोली फिनेलने पुसली. वास हळूहळू कमी झाला आणि एके दिवशी पार गेला.

"बघ," सासरे म्हणाले, "रोज पुसलं की जातो वास. सांगावं लागतं तुम्हाला."

मग त्यांनी कपाटाच्या बाजूवर बोटाचं पेर टकटक वाजवलं. सिलिंडरवर नव्हे, कपाटाच्या लाकडावर. "गच्च भरलाय," ते म्हणाले आणि बिडी ओढायला अंगणात गेले. खोलीत ते बिडी ओढत नसत. पॉलिशला धूर लागतो.

सुनेच्या छातीला धूर लागतो, ही गोष्ट मात्र त्या घरात कधी कुणाच्या बोलण्यात आली नव्हती.

पाऊस मध्यावर आला आणि लाकडाची खरी पंचाईत सुरू झाली. ओढ्याकाठच्या झाडीतून बायका आजवर वाळक्या फांद्या आणत. यंदा मालकाने तिथे काटेरी तार मारली आणि राखणीला माणूस बसवला. आता जायचं ते पार टेकडीवर. शेजारची शिंपीण आणि सून दोघी मिळून जात. चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतायचे, फांदी तोडताना वरचं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं, आणि एवढं करून जे हाती येई त्याला लाकूड म्हणायचं तरी कसं? हिरवं, ओलं, पिळलं तर तांब्याभर पाणी निघेल असं.

"एक विचारू?" शिंपीण मोळी बांधता बांधता म्हणाली. "तुझा नवरा सुतार ना?"

"लोक म्हणतात."

"मग त्याच्या कारखान्यात लाकूड तासलं की काय निघतं? लोणी?"

"ढलप्या निघतात."

"त्या कुठे जातात?"

सुनेने चुंबळ डोक्यावर नीट केली आणि मोळी उचलायला शिंपिणीला खूण केली.

परतीची वाट चहाच्या टपरीवरून जाई. टपरीत भट्टी रसरसून पेटलेली होती. भट्टीशेजारी पोत्यात ढलप्या भरलेल्या, कोरड्या ठणठणीत, पिवळ्याधमक. चहावाला मूठभर उचलून आत टाकी आणि ज्वाळा भांड्याच्या गळ्यापर्यंत जाई. बाकावर तिचा नवरा पाय वर घेऊन चहा पीत बसला होता. ढलप्यांच्या बदल्यात त्याला दिवसभराचा चहा मिळे. लाकूड तासून तासून त्याच्या घशाला कोरड पडे, असं तो सांगे.

डोक्यावरच्या मोळीतून पाणी निथळून सुनेच्या नाकावरून ओघळत होतं. नवऱ्याने तिला बघितलं. जरा संकोचला असावा, कारण त्याने पाय खाली घेतले.

"आलीस?" तो म्हणाला.

"नाही," शिंपीणच म्हणाली. "अजून टेकडीवरच आहे ती. ही दुसरीच कुणी."

बाकावरची माणसं हसली. नवराही हसला. त्याला सगळ्यांबरोबर हसायची सवय होती, मग हसू कुणावर का असेना.

सुनेला लाकडाचं एवढं दुःख झालं नसतं. लहानपणापासून तिने धूर गिळला होता. पण यंदा तिला रोपवाटिकेत काम लागलं होतं, आणि ते काम तिला हवं होतं. लांबलचक शेड, वर पत्रा, खाली कोरडी जमीन, चारी बाजूंनी वारा. बाकावर बसून कलमं बांधायची. खुंटाला पात्याने चीर द्यायची, काडीला तशीच धार काढायची, एकात एक बसवून पट्टी आवळायची. सैल राहिली तर काडी सुकते, जास्त आवळली तर गुदमरते. सुनेची बोटं त्या कामावर अशी बसली की मुकादमीण इतरांना तिची कलमं दाखवू लागली. घरात कुणी तिची एकही गोष्ट दुसऱ्याला दाखवली नव्हती.

फक्त तिथे भोंगा होता. भोंगा झाला की फाटक बंद. उशिरा आलेल्या बाईने घरी जायचं. आणि ओल्या लाकडाला भोंगा कळत नाही.

त्या आठवड्यात ती दोनदा फाटकावरून परत आली. दुसऱ्यांदा मुकादमीण गजांपाशी आली.

"काय गं, डोळे कसले एवढे लाल? रडतेस की पितेस?"

"धूर, बाई. चूल पेटत नाही. घरातल्यांना डबे द्यावे लागतात."

"गॅस नाही तुमच्याकडे?"

"आहे."

"मग?"

सुनेने पदराने डोळे पुसले. खरं सांगितलं असतं तर मुकादमिणीला चेष्टा वाटली असती.

"हे बघ," मुकादमीण म्हणाली, "हात तुझे चांगले आहेत. पण मालकीणबाई हात मोजत नाहीत, डोकी मोजतात. अजून एकदा उशीर झाला तर येऊ नकोस. मला बोलायला लावू नकोस."

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा सुनेने विषय काढला. वाढताना काढला, कारण तोंडात घास असला की माणूस लगेच ओरडत नाही.

"मामंजी, पावसापुरतं सकाळचं तेवढं गॅसवर करू का? संध्याकाळचं चुलीवरच करीन."

सासऱ्यांनी घास गिळला आणि हातातला भात ताटात परत ठेवला. गोदामाच्या दारात एखाद्याने चिठ्ठीशिवाय पोतं मागितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"आणि पाहुणा आला तर?"

"पाहुण्यापुरता राहीलच की."

"राहील म्हणजे? गॅस काय विहीर आहे, रात्रीतून भरायला? पाहुण्यांसाठी आहे तो. लेकीच्या सासरी मी सांगून बसलोय, आमच्याकडेही गॅस आहे म्हणून. उद्या ते आले आणि सिलिंडर खडखडला तर तोंड कुणाचं काळं होणार?"

"माझं रोजच होतं," सून म्हणाली.

"काय?"

"काही नाही. भात घालू?"

"गॅसवरचं अन्न पोटात वारा धरतं," सासरे म्हणाले. त्यांनी गॅसवरचं अन्न जन्मात खाल्लं नव्हतं. "आणि लाकूड फुकट आहे. फुकटचं सोडून विकतचं जाळायचं, ही कुठली अक्कल?"

"फुकट कसं? मी आणते ते."

"तेच म्हणतोय मी. तू आणतेस. मग विकत कशाला घ्यायचं?"

आपण केवढा बिनतोड मुद्दा मांडला, याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतःहून भाजी मागितली.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "आमचा जन्म गेला चुलीपुढे," त्या म्हणाल्या. "आम्हाला काय धाड भरली?" एवढं बोलायला त्यांना मधे दोनदा थांबून खोकावं लागलं. मग त्यांनी ताटात बोटाने चाचपून मीठ कुठे आणि भात कुठे ते शोधलं. डोळ्यांना दोन्ही एकच पांढरं दिसत होतं.

सुनेने नवऱ्याकडे बघितलं.

"बाबा म्हणतायत ना," नवरा म्हणाला.

"मग तुम्ही ढलप्या तरी आणा घरी. रोज एक पोतं."

"त्या चहावाल्याला कबूल केल्यात. शब्द दिलाय मी."

"मला काय काय कबूल केलं होतंत ते आठवतंय?"

"तू ना, प्रत्येक गोष्ट वैयक्तिक घेतेस," तो म्हणाला. हे वाक्य त्याने टपरीवर ऐकलं होतं.

दोन दिवसांनी निरोप आला. लेकीच्या सासरचे व्याही आणि विहीणबाई शहरातून परत जाताना वाटेत चहाला थांबणार. ते येणार तो रोपवाटिकेच्या सुट्टीचा दिवस होता. सुनेने आदल्या दिवशीच टेकडी गाठायला हवी होती, पण तो दिवसभर पाऊस कोसळत होता. चुलीपाशी चार ओली लाकडं होती, पंधरा मिनिटं धूर काढायला पुरतील एवढी.

"आज तुला लाकडं लागणारच नाहीत," सासरे म्हणाले. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि किल्ली सदऱ्याच्या वर काढली होती, सगळ्यांना दिसेल अशी. "आज गॅसवर चहा."

व्याही हडकुळे आणि गरीब स्वभावाचे. विहीणबाई मात्र दोन माणसांची जागा घेऊन बसणाऱ्या. आत आल्या आल्या त्यांनी पदराने वारा घेत खोलीवरून नजर फिरवली.

"हे काय, देवघर?" त्या कपाटाकडे बघून म्हणाल्या.

"गॅस आहे तो," सासरे म्हणाले. "सागाच्या कपाटात."

"अगं बाई. गॅसला कपाट? आमचा आपला उघडाच असतो, ओट्याखाली. दिवसातून दहादा लागतो, कुठे दारं उघडत बसायची?"

"तुमच्याकडे शिस्त कमी असेल," सासरे हसत म्हणाले. सुनेला वाटलं, एवढं बोलून त्यांनी थांबावं. पण ते उठले, कमरेची किल्ली दोरीसकट ताणून कुलपापर्यंत नेली, त्यासाठी त्यांना कपाटापुढे वाकून पोट दाराला लावावं लागलं, आणि कुलूप काढून कडीतच अडकवलं. दारं उघडली. वरचं झाकण त्यांनी दोन्ही हातांनी उचललं.

"ठेव आधण," ते सुनेला म्हणाले.

सुनेने पातेलं ठेवलं. सासऱ्यांनी बटण फिरवलं आणि लायटर दाबला. टक. टक. टक.

"नवीन आहे," ते म्हणाले. "जरा वेळ घेतो."

टक. टक.

"पावसाने सर्द झाला असेल," नवरा म्हणाला.

विहीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं, तो खरंच असं म्हणाला का याची खात्री करून घेण्यासाठी. मग त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, सासऱ्यांना बाजूला केलं आणि सिलिंडरच्या कड्याला धरून तो एका हाताने उचलला. जमिनीपासून वीतभर उचलला आणि खुळखुळ्यासारखा हलवला.

"रिकामा आहे, व्याही."

"शक्य नाही. दोन चहा झालेत फक्त."

"मग उरलेला कुणी प्यायला?" त्यांनी वाकून मागची नळी ओढली. नळीला दातांच्या खुणा होत्या, आणि एका जागी बोटाचं नख जाईल एवढं भोक. "उंदराने खाल्लीय, मागच्या जाळीतून शिरून. आणि हा सिलिंडरवरचा खटका बघा. चालूच! बंद केला नव्हतात? नुसतं शेगडीचं बटण फिरवून कुलूप घातलंत? अहो, वास कसा नाही आला तुम्हाला?"

बोलल्या त्या सासूबाई. त्यांना कुणाचे चेहरे दिसत नव्हते, म्हणून त्यांनी सरळ सांगितलं.

"आला होता की. आठवडाभर येत होता. उंदीर मेला होता ना घरात."

"सापडला उंदीर?"

"नाही. पण हिने फिनेलने पुसलं, मग गेला वास."

विहीणबाई आधी नाकातून हसल्या, मग तोंडातून, मग खाटेवर बसून पदर डोळ्यांना लावून हसल्या. व्याही "अगं, अगं" करत राहिले. सुनेला आठवला तो फिनेलचा वास, तो ओला फडका, ती पोती. आणि "नाक आहे ना तुला". तिच्याही ओठांपर्यंत हसू आलं होतं. तिने ते परत गिळलं.

"बिडी ओढता ना तुम्ही?" विहीणबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"बाहेर ओढतो," सासरे कसेबसे म्हणाले. "पॉलिश खराब होतं म्हणून."

"मग त्या पॉलिशला हात जोडा. नाहीतर आम्ही आज चहाला नसतो आलो, तेराव्याला आलो असतो."

सासऱ्यांनी रिकाम्या सिलिंडरकडे बघितलं, मग सुनेकडे. घरात काही बिनसलं की त्यांची नजर तिथेच येऊन थांबे. पण सांगण्यासारखा तिचा दोष काही सापडेना. मग गोदामाच्या दारातला त्यांचा जुना रुबाब परत आला.

"खरं सांगू का?" ते म्हणाले. "गॅसच्या चहात काही राम नसतो. तुम्हाला चुलीवरचाच पाजतो. ती चवच वेगळी. चला, ओसरीवर बसू, इथे कोंदट आहे. सूनबाई, चूल पेटव. पटकन. फक्कड झाला पाहिजे."

माणसं ओसरीवर गेली. नवराही गेला, जाताना खुर्ची घेऊन. ती सासऱ्यांची हातवाली खुर्ची, तीही त्यानेच केलेली, तीही सागाची.

सून स्वयंपाकघरात गेली. चुलीपुढे विटेवर बसली. ओल्या लाकडांखाली कागद घातला, पेटवला, फुंकणी तोंडाला लावली. कागद जळला, लाकडाने फेस काढला, धूर झाला. दुसरा कागद. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, लाकडातून पाणी. बाहेरून आवाज आला, "झाला का गं?" तिने पुन्हा फुंकलं. एवढं फुंकलं की डोळ्यांपुढे काळे ठिपके आले आणि ती वीट धरून थोडा वेळ तशीच बसली.

मग तिने फुंकणी खाली ठेवली. हळूच नाही, सरळ टाकली.

बाहेरच्या खोलीत नवऱ्याची हत्यारांची पिशवी खुंटीला होती. तिने हातोडी आणि पटाशी काढली. ओसरीचं दार लोटून घेतलं. सिलिंडर आणि शेगडी उचलून भिंतीशी ठेवली, नीट, नळी गुंडाळून. मग कपाटाच्या दाराच्या बिजागरीत पटाशीची धार घातली आणि हातोडी मारली. कलमाची चीर देताना जेवढा नेम धरायचा तेवढाच धरला. पहिल्याच घावात स्क्रू सुटले. नवऱ्याचं काम वरून जेवढं चकाकत होतं तेवढं आतून पक्कं नव्हतं.

"कसला आवाज?" ओसरीवर व्याहींनी विचारलं.

"सून लाकडं फोडतेय," सासऱ्यांचा आवाज आला, ऐटदार. "कोरडी लाकडं राखून ठेवलीत आम्ही. खास पाहुण्यांसाठी."

आत सुनेने दुसऱ्या बिजागरीवर घाव घातला.

दोन्ही दारं तिने उंबऱ्यावर आडवी घालून चिरली. सागाने कटकट केली नाही, सरळ रेषेत फाटत गेला. चुलीत घातला तशी आधी पॉलिशचा एक निळा भडका उडाला, वार्निशचा वास आला, आणि मग जाळ लागला. पिवळा, उंच, आवाज करणारा जाळ. धूर नावाला. सून चुलीपासून मागे सरकून बसली. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच चुलीपुढे तिचे डोळे कोरडे होते.

दारात सावली पडली. विहीणबाई पाणी मागायच्या निमित्ताने आत आल्या होत्या. त्यांनी चूल बघितली, चुलीतून बाहेर आलेली पितळी कडी बघितली, दारातून बाहेरच्या खोलीतला दात पडलेल्या तोंडासारखा कपाटाचा सांगाडा बघितला. मग पाटबिट न शोधता तिथेच जमिनीवर बसल्या.

"छान जळतंय गं," त्या म्हणाल्या.

"सागाचं आहे."

"दिसतंय." त्यांनी हात जाळापुढे धरले. "साखर बेताची घाल."

चहा फक्कड झाला. व्याहींनी दोनदा घेतला. "खरं म्हणता व्याही," ते म्हणाले, "चुलीची चव ती चुलीची." सासरे खुर्चीत रेलून बसले. "मी सांगत होतो," ते म्हणाले. "लाकूडच तसं लागतं. कुणाच्याही घरी मिळायचं नाही." विहीणबाईंना एकदम ठसका लागला, आणि व्याहींना त्यांच्या पाठीवर थोपटावं लागलं.

पाहुणे रस्त्याच्या वळणाआड गेले आणि सासरे आत आले. ते उघड्या कपाटापुढे किल्ली हातात धरून उभे राहिले. नवरा सांगाड्यापाशी उकिडवा बसून तुटलेल्या बिजागरीवर बोट फिरवू लागला.

"हे काय केलंस?" सासरे ओरडले. "हे काय केलंस तू?"

"पाहुण्यांसाठी आहे, असं तुम्हीच म्हणत होतात," सून म्हणाली. "पाहुण्यांसाठीच जाळलं."

"महिनाभर खपलो होतो मी त्याच्यावर," नवरा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. तिच्या रोजच्या पाण्याकडे त्याने कधी वळून बघितलं नव्हतं, म्हणून तिला त्याचं पाणी बघून गंमत वाटली.

"पटाशीला धार नाही," ती म्हणाली. "लावून ठेवा." आणि तिने राखेतून चिमट्याने काढलेलं कुलूप सासऱ्यांच्या हातावर ठेवलं. ते अजून गरम होतं. त्यांनी ते एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, पण खाली टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा ती बाकावर बसलेली होती, पुढे पहिलं कलम बांधून झालेलं. मुकादमिणीने तिच्या डोळ्यांकडे बघितलं आणि काही न बोलता पुढे गेली. त्या दिवशी आणि त्यानंतरही सकाळी सागवान जळत राहिलं. कपाटाची एक बाजू संपली, दुसरी संपली. घरात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. स्वयंपाक लवकर होत होता आणि घरात शांतता होती. तिला दोन्ही गोष्टी एकदम मिळतील असं वाटलं नव्हतं.

"सिलिंडर भरून आणायचा का?" नवऱ्याने एकदा बापाला विचारलं.

"आणून ठेवणार कुठे? कपाट आहे?" सासरे म्हणाले.

कपाटाच्या तळाची शेवटची फळी चुलीत गेली त्या संध्याकाळी सून ओसरीवर आली. सासरे खुर्चीत बसून बिडी ओढत होते. ती त्यांच्या शेजारी उभी राहिली. तिच्या हातात कुऱ्हाड होती. ती टेकडीवर न्यायची रोजचीच होती, त्यात विशेष काही नव्हतं. तिने वाकून खुर्चीच्या हातावर बोटाचं पेर टकटक वाजवलं. मग पाठीच्या फळीची रुंदी वितीने मोजली.

"काय करतेस?" सासरे म्हणाले.

"काही नाही, मामंजी. हीसुद्धा सागाचीच ना?"

सासऱ्यांनी बिडी विझवली. ते खुर्चीतून उठले नाहीत. जेवायची वेळ झाली तरी उठले नाहीत, त्यांना ताट तिथेच द्यावं लागलं. आणि सकाळी नवरा रिकामा सिलिंडर सायकलच्या कॅरिअरला बांधून, नवीन नळी आणायची आठवण दोनदा करून घेऊन, चिखलातून सायकल ढकलत निघाला. टपरीवरून जाताना कुणी तरी हाक मारली तरी तो थांबला नाही म्हणे.

भरलेला सिलिंडर आता स्वयंपाकघरात असतो, भिंतीपाशी, उघडा. काम झालं की वरचा खटका सून स्वतः बंद करते. पहिल्या दिवशी गॅसवरचा भात ताटात पडला तेव्हा सासऱ्यांनी एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं.

"चव नाही," ते म्हणाले. "पोटात वारा धरणार हा."

आणि त्यांनी ताट पुढे केलं. सुनेने आणखी भात वाढला.

हल्ली झोपायच्या आधी ते खुर्ची ओसरीच्या खांबाशी ओढून नेतात, तिच्या पायातून साखळी घालतात आणि कुलूप लावून ओढून बघतात. कुलूप तेच आहे, थोडं काळवंडलेलं. किल्ली पुन्हा कमरेला आली आहे. चालताना ती सदऱ्याच्या आत वाजते, आणि म्हाताऱ्याच्या चालीत पहिल्यासारखा रुबाब आला आहे, असं गावात सगळे म्हणतात.